सावद्याची हाडरंजी

पितांबर पाचगणीहून आला, तेव्हा त्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती आणि ओल्या गोणपाटाची एक गुंडाळी मात्र त्यानं स्वतःच्या छातीशी धरली होती. सावदा स्टेशनवर त्याला उतरवून घ्यायला त्याची थोरली बहीण बेबाबाई आणि मेहुणे जीवराम बैलगाडी घेऊन आले होते. बेबाबाईनं आधी भावाचं तोंड बघितलं. गालावर मांस आलं होतं. मग तिची नजर गुंडाळीकडं गेली.

ती म्हणाली, "हे काय आणलं बापा?"

"झाड आहे, अक्का. काड्या आहेत नुसत्या. पण जपून धर."

आईबाप लवकर गेल्यामुळं पितांबरला बेबाबाईनंच वाढवलं होतं. मॅट्रिक झाल्यावर तो धुळ्याच्या एका जिनात कारकून म्हणून लागला. कापसाची बोंडं, सरकी, दिवसभर हवेत उडणारा कापूस. काही वर्षांनी खोकला लागला, मग खोकल्यात रक्त दिसलं आणि डॉक्टरांनी त्याला पाचगणीच्या हवेला पाठवलं. तिथं रोग्यांना राहायला एक लांबलचक बैठी इमारत होती. दिवसभर व्हरांड्यात खाटेवर पडून राहायचं, दूध-अंडी खायची आणि काही करायचं नाही, हेच औषध. हे १९३१ साल. तो बरा होईल याची धुळ्यात कुणाला खात्री नव्हती. सावद्यात बेबाबाईला होती, पण ती तिला रोज सकाळी नव्यानं करावी लागे.

गाडीत बसल्यावर पितांबरनं गोणपाट उलगडलं. आत शेवाळात गुंडाळलेल्या हिरव्या काड्या. एकेकीला दोन-दोन पानं, विड्याच्या पानापेक्षा थोराड, कडेनं करवतीसारखे दाते.

"याला फूल येतं. फूल म्हणजे गेंदच. तुझ्या डोक्याएवढा एकेक. आणि निळा."

"निळा म्हंजे?" जीवराम बैल हाकता हाकता म्हणाला. "गोकर्णासारखा?"

"नाही दाजी, गोकर्ण गडद. हा जवसाच्या फुलासारखा. जवसाचं शेत फुललेलं बघितलंय ना, सकाळचं? ते सगळं शेत एका मुठीत धरलं तर जसं दिसेल तसं."

जीवराम हसला. बेबाबाई हसली नाही. "नाव काय म्हनला?"

"हायड्रेंजिया."

गाडी घरी पोचेपर्यंत त्याचं हाडरंजी झालं होतं आणि पुढं सावद्यात तेच राहिलं.

पितांबर महिनाभर बहिणीकडं राहून धुळ्याला कामावर गेला. दोन काड्या त्यानं तिकडं नेल्या. धुळ्याला त्याच्या भाड्याच्या खोलीपुढं फरशीचं अंगण. उन्हाळ्यात त्या काड्या वाळून काटक्या झाल्या. पण जिनात त्यानं निळ्या गेंदाची हकिकत इतक्या जणांना सांगितली होती, की बाकीचे कारकून त्याला "निळोबा" म्हणायला लागले. "काय निळोबा, आज किती मोठं फूल?" कुणी दोन्ही हात पसरून भोपळ्याएवढं माप दाखवी. पितांबर हसण्यावारी नेई, पण बहिणीला भेटला की पहिलं विचारी, "आलं का?"

बेबाबाईच्या काड्या जगल्या, पण सुखासुखी नाही. पहिल्यांदा तिनं त्या अंगणात तुळशीजवळ लावल्या, चांगली जागा म्हणून. पावसाळा होता तोवर झकास. दिवाळी सरली, ऊन कोरडं झालं, आणि दुपार झाली की झाडाची सगळी पानं मान टाकायची. संध्याकाळी पुन्हा उभी. बेबाबाई दुपारी धुणं टाकून झाडापाशी जाऊन बसे. तिला वाटे, पाणी कमी पडतंय. ती आणखी पाणी घाली. मग तिच्या लक्षात आलं की माती ओली असूनही पानं लोंबतात. याला तहान नाही लागलेली, याला ऊन सोसत नाही.

घरामागं परसात उत्तरेकडच्या भिंतीशी केळीचं एक बेट होतं. घरच्या पानांसाठी लावलेलं. तिथं सकाळचं कवळं ऊन पोचे आणि नंतर दिवसभर केळीच्या पानांची सावली. तिनं मुळाभोवतीच्या ढेकळासकट झाड उचलून तिथं नेलं. बुडाशी केळीच्या खोडाचे वाळके सोपट अंथरले, म्हणजे ओल टिकेल. वैशाखात सावद्याला दारं-खिडक्या लावून बसावं लागतं, अंगणात अनवाणी पाय टेकत नाही. त्या दिवसांत ती हाडरंजीवर ओलं गोणपाट टाकून ठेवी. झाड जगलं. नुसतं जगलं नाही, तर पुढच्या पावसात कमरेएवढं झालं. पण फूल नाही.

"नर असंल," शेजारची शेवंताबाई भिंतीवरून म्हणाली.

शेवंताबाईचं घर परसाला परस लागून. मधे हीच मातीची भिंत, छातीएवढी. तिच्या सासरी रंगाऱ्याचं काम. एके काळी सावदा-फैजपूरच्या बाजूला रंगाऱ्यांच्या भट्ट्या दिवसरात्र पेटलेल्या असत. गिरणीचं रंगीत कापड आलं आणि धंदा आटला. आता शेवंताबाई एकटीच लग्नसराईत जुन्या गिऱ्हाइकांच्या पासोड्या आणि पातळं रंगवून देई. तिचे हात कोपरापर्यंत कायम तांबडे. जीभ तिखट.

"झाडात नर-मादी रायते का?" बेबाबाई म्हणाली.

"पपईत नही रायत? फेकून दे आन् तिथं वांगी लाव."

वांगी लावली नाहीत. पण त्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. जीवरामला परसात पसारा दिसला की राहवत नसे. बेबाबाई यावलला एका लग्नाला गेली होती, तेवढ्यात त्यानं विळा घेतला आणि केळीची वाळकी पानं छाटता छाटता हाडरंजीही सरळ गुडघ्याएवढी कापून टाकली. बेबाबाई परत आली आणि झाडापुढं उभी राहिली.

"शेवरीले नही कापत आपन? जोरानं फुटंल," जीवराम म्हणाला.

फुटली खरी जोरानं. फाल्गुनात कापल्या काड्यांवर हिरवीगार पालवी आली, आणि पुन्हा फुलाचं नाव नाही. बेबाबाईनं आशा सोडल्यासारखी केली. मग एकदा वाळके सोपट सरकवताना तिला दिसलं, की भिंतीच्या पायाच्या दगडाआड एक फांदी विळ्यातून सुटली होती. जुनीच, करड्या सालीची. आणि तिच्या टोकाला हिरव्या ज्वारीच्या दाण्यांसारखा गच्च झुबका धरला होता.

तिनं बाकीच्या फांद्या एकेक करून बघितल्या. कापलेल्या कशालाच झुबका नाही. न कापलेलीला आहे. म्हणजे हे झाड फूल आदल्या सालच्या शेंड्यात ठेवतं आणि नवऱ्यानं ते शेंडेच उडवले. तिला इतका आनंद झाला, की जीवरामवर रागवायचं राहूनच गेलं. उलट त्याला हाताला धरून परसात आणलं. जीवराम वाकून बराच वेळ बघत राहिला. "असं असतंय व्हय," म्हणाला, आणि विळा नेऊन गोठ्यात टांगला.

झुबका हळूहळू उमलायला लागला. आधी दाणे पसरले, मग एकेका दाण्याची चार पाकळ्यांची चकती झाली. हिरवट, मग पांढरी. शेवंताबाई रोज भिंतीवरून डोकावे. ती म्हणे, "पांढरं फट्ट हाय तुहं निळं." बेबाबाई म्हणे, थांब. पितांबरला सांगावा गेला. तो सुटी काढून धुळ्याहून निघाला, चाळीसगावला गाडी बदलली, भुसावळला बदलली आणि सावद्याला आला. त्यानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, थेट परसात गेला.

फूल गुलाबी होतं.

फिकं, गोड, जत्रेच्या दिवशी देवळात उधळलेल्या गुलालाचा हात पुसावा तसं. मोठं होतं, पितांबरनं सांगितलं तेवढंच होतं. पण गुलाबी.

पितांबर त्याच्यापुढं उकिडवा बसला. बेबाबाई त्याच्या मागं उभी होती, त्यामुळं तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

"उद्या-परवा बदलंल," ती म्हणाली.

"हं."

नाही बदललं. तो दोन दिवस राहिला. जाण्याच्या आधी ओसरीवर बसला असताना एकदम म्हणाला, "अक्का, मला तिथं ताप यायचा. रोज संध्याकाळी."

"मग?"

"तापात काय दिसलं आणि खरं काय, हे मला आता सांगता येत नाही. पानं हीच होती. झाड हेच. मीच माझ्या हातानं काड्या तोडल्यात. म्हणजे रंग मी मनानं लावला." मग म्हणाला, "माझ्या शेजारच्या खाटेवर चाळीसगावचा एक मास्तर होता. शालिग्राम. आम्ही दोघं पडल्या पडल्या ती फुलं बघायचो. त्याच्याबरोबर मी काय काय बोललो, तो काय बोलला, तेही आता... तो गेला. विचारू कुणाला?"

पितांबर धुळ्याला गेला आणि त्यानंतर पाचगणीचं नाव काढेनासा झाला. कुणी निळोबा म्हटलं तर "अरे, गुलाबीच असतं ते, मी चुकलो" असं आपणच सांगून मोकळा होई. ते बेबाबाईच्या कानावर आलं तेव्हा तिला भावाच्या खोकल्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं. मरणाच्या दारातून येताना माणसानं एकच गोष्ट बरोबर आणली, तीही खोटी ठरावी?

जीवराम म्हणाला, "निळं पायजे ना? नीळ घाल." ती धोतराला घालायची नीळ होती. त्याची थट्टा होती, पण बेबाबाईनं घातली. जमीन निळी झाली, तिची बोटं निळी झाली, शेजारची केळ बुडाशी निळी झाली. नंतर आलेलं एक उशिराचं फूल मात्र आधीच्यापेक्षा गुलाबी.

मग लग्नसराई आली आणि भांडण झालं.

बेबाबाई मळ्यातून आली, तेव्हा हाडरंजीची भिंतीकडची बाजू करपलेली होती. पानांच्या कडा तपकिरी, माती चिकट, तांबूस, आणि तिला रंगाच्या भट्टीचा वास. तिनं भिंतीवरून बघितलं. शेवंताबाईची नांद उपडी ठेवलेली, ओली.

"शेवंताबाई! तू टाकलं का पानी माह्या झाडावर?"

"मी काहून टाकू?"

"मग नांद काहून उपडी?"

"माही नांद मी उपडी ठिवीन नही तं उभी ठिवीन!"

शब्दानं शब्द वाढला. शेवंताबाई म्हणाली, एका फुलाच्या झुडपासाठी शेजारणीला चोर म्हणतेस. बेबाबाई म्हणाली, तुला पहिल्यापासून ते झाड डोळ्यांत सलत होतं. शेवंताबाई म्हणाली, तुझ्या भावाच्या तापातलं झाड, माझ्या डोळ्यांत कशाला सलेल? हे मात्र बेबाबाईला लागलं. ती घरात निघून गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा भिंत ओलांडून गेला नाही.

झाड मेलं नाही. करपलेली पानं गळाली, नवी आली. जीवरामनं त्या हिवाळ्यात विळा लावला नाही. फाल्गुनात झाडभर झुबके धरले, मोजायला जावं तर चुकावं इतके. ते पांढरे झाले. आणि मग एका सकाळी बेबाबाई तोंड धुवायला परसात गेली नि हातात राखुंडी घेऊन तशीच उभी राहिली.

घराकडच्या बाजूची फुलं गुलाबी व्हायला लागली होती. भिंतीकडच्या बाजूची निळी.

एकाच झाडाची. मधे एक फूल तर असं होतं, की त्याच्या अर्ध्या चकत्या जांभळ्या. बेबाबाईनं तोंड धुतलं, पुन्हा बघितलं. ती जवसाच्या शेतांमधली पोर. तो रंग तिला कुणी सांगायला नको होता. पितांबरनं खोटं पाहिलं नव्हतं.

पहिला विचार आला, त्याला सांगावा धाडावा. दुसरा आला, की तो विचारेल, कसं झालं? आणि मला ठाऊक नाही. फूल एकदा निळं आलं, पुढल्या साली नाही आलं, तर पुन्हा तेच. तिला कारण हवं होतं. आणि कारण भिंतीपलीकडं राहत होतं.

वर्षभर न बोललेल्या बाईच्या दारात जाणं सोपं नसतं. बेबाबाई तीनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आली. शेवटी तिनं निळं एक फूल तोडलं, पदराखाली धरलं आणि गेली.

शेवंताबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"शेवंताबाई, त्या वक्ताले तू झाडावर पानी टाकलं व्हतं ना, त्यात काय व्हतं?"

"मी काही टाकलं नही."

"मी भांडाले नही आली."

"भांडाले ये नही तं कशाले ये, मी काही टाकलं नही. तुह्या झाडाची आन घेऊन सांगते."

"झाडाची आन घेऊ नको," बेबाबाई म्हणाली आणि पदर बाजूला केला.

शेवंताबाईनं सूप खाली ठेवलं. ती फुलाकडं बघत राहिली. मग तिनं तांबड्या बोटांनी एक पाकळी चोळली, बोट जिभेला लावलं, उजेडात धरून बघितलं, जसं ती कापड बघत असे.

"रंग उतरत नही," ती म्हणाली. "आतून आला."

"तेच तं म्हनते."

शेवंताबाई हळू आवाजात म्हणाली, "माही मोरी तुंबली व्हती बाई. पूर्ण लग्नसराई. कोन उपसनार? मी एकलीच. भिंतीवरून देत गेली ढकलून. एकदा नही, लय येळा. तुले सांगाची लाज वाटली, मग उलटी भांडली."

"काय काय ढकललं?"

"सगळंच. हिरड्याचं पानी. तुरटीचं पानी. गंजल्या लोखंडाचं पानी. लाल रंगाले आलीचं मूळ उकळते, त्याचं."

"यातलं कोन निळं करते?"

"मले काय ठाव? कापडावर तं एकबी निळं करत नही. तुरटीनं आल लाल धरते. लोखंडानं काळं पडते. निळं करायले नीळच लागते."

"नीळ मी घातली व्हती. नही झालं."

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवंताबाईच्या तोंडावर आता लाज नव्हती, वेगळंच काही होतं. जन्मभर ती रंग करत आली होती आणि हा तिला न कळणारा रंग होता. "थांब," ती म्हणाली, "आपन येगळं येगळं करून पाहू."

त्या पावसाळ्यात दोघींनी गुलाबी बाजूच्या फांद्यांच्या काड्या लावल्या. फुटक्या माठांच्या बुडात, घरचीच काळी माती घालून, ओळीनं भिंतीशी. एकीला हिरड्याचं पाणी, एकीला लोखंडाचं, एकीला आलीचं, एकीला तुरटीचं, आणि एकीला नुसतं विहिरीचं. कोणतं कुठलं ते विसरू नये म्हणून शेवंताबाईनं प्रत्येक माठाच्या काठाला त्या त्या रंगाची चिंधी बांधली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "हे काय मांडलं वं?" तर शेवंताबाई सांगायची, "लगीन. ज्याचं निळं ईल त्याच्यासंगं."

तुरटीची काडी महिन्यात मेली. काळी पडून गळाली.

"घे," शेवंताबाई म्हणाली. "तुरटी नही. तुरटी तं ईख हाय."

बेबाबाई मेलेली काडी हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "बाकीच्या तं जगल्या, त्या फूल दाखवतीन. हिनं काही दाखवलंच नही. जिनं जबाबच दिला नही तिले खोटी कसं म्हनाचं?"

"मंग?"

"तू किती घातली व्हती?"

"कापडाले घालते तितकी."

"कापड मरत नही, शेवंताबाई."

दोघीही हसल्या, आणि मागच्या वर्षाची सगळी अढी त्या हसण्यात निघून गेली. नवी काडी लावली. या खेपेला तुरटीचा बोराएवढा खडा घागरभर पाण्यात विरघळवायचा आणि तेही अधूनमधून द्यायचं, असं ठरलं. काडी जगली.

फाल्गुनात काड्यांवर लहान लहान गेंद आले, लिंबाएवढे. पांढरे झाले. दोघी सकाळ-संध्याकाळ भिंतीच्या दोन बाजूंनी उभ्या. हिरडा गुलाबी. लोखंड गुलाबी. आल गुलाबी, विहीर गुलाबी. आणि पांढऱ्या चिंधीचा तो माठ, तुरटीचा, निळा. स्वच्छ, सकाळच्या जवसासारखा.

शेवंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्या घरात तीन पिढ्या तुरटी हाय. कोनाले म्हाईत व्हतं?"

आता बेबाबाईनं सांगावा धाडला. काय झालं ते कळवलं नाही, नुसतं, ये.

पितांबर आला. या वेळी त्यानं पिशवी शांतपणे ओसरीवर ठेवली, पाय धुतले, चहा घेतला. परसात जायची घाई त्याला नव्हती. बेबाबाईनंच त्याला उठवलं. मोठ्या झाडाची भिंतीकडची बाजू त्या सालीही निळी होती, कारण दोघींनी तिला पातळ तुरटीचं पाणी चालू ठेवलं होतं; घराकडची बाजू गुलाबी. मधे जांभळी.

तो उभाच राहिला. मग पुढं होऊन त्यानं एक निळा गेंद दोन्ही तळव्यांत धरला, तोडला नाही. त्याचे खांदे हलायला लागले तसं जीवरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शालिग्राम म्हणायचा," पितांबर म्हणाला, "बरा झालो की चाळीसगावच्या शाळेपुढं हे लावीन. पोरं म्हणतील, मास्तर, शाईची दौत सांडली." तो डोळे पुसत हसला. "हे तो खरंच म्हणाला होता. मला आठवतंय."

शेवंताबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "पितांबरभाऊ, तुमच्या तापातलं झाड म्हनली व्हती मी. माफ करा."

"मीही तेच म्हणत होतो, शेवंताबाई."

त्या पावसाळ्यात सावद्यात बऱ्याच परसांत हाडरंजी गेली. बायका काडी मागायला येत आणि कोणता रंग हवा ते आधीच सांगत. बेबाबाई म्हणे, काडी एकच, रंग तू ठरव, आणि तुरटीचं माप सांगे. पितांबरनं धुळ्याला खोली बदलली. नवीला मागं आडोशाची जागा होती. चाळीसगावच्या एका शाळेपुढंही त्यानं एक झाड लावून दिलं.

तरी बेबाबाईच्या डोक्यात एक गोष्ट फिरत राहिली. एकदा जेवताना ती जीवरामला म्हणाली, "आपन इथं तुरटी घालतो. तिथं त्या डोंगराले कोन घालते?"

जीवराम म्हणाला, "जाऊन पाय."

पुढच्या उन्हाळ्यात पितांबरला छाती दाखवायला पाचगणीला जायचंच होतं. बेबाबाई त्याच्याबरोबर गेली. ज्या लताबाईंच्या खाणावळीत ते उतरले, तिच्या कुंपणाशी हाडरंजीची रांगच होती, डोळ्यांना पुरणार नाही इतकी निळी. पितांबर डॉक्टरांकडं गेला आणि बेबाबाई रांगेच्या एका टोकापासून चालायला लागली. माती बघत. तांबडी, मुरमाड, हाताला हलकी. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली. तुरट लागली नाही. नुसती माती.

रांगेच्या शेवटी ती थबकली. घराच्या भिंतीला लागून असलेलं शेवटचं झुडूप गुलाबी होतं.

बाकी सगळी निळी, हे एकच गुलाबी. तिनं लताबाईंना हाक मारली. लताबाई पोळ्यांचं पीठ हाताला तसंच घेऊन आल्या. "त्याचं काय, ते नेहमी तसंच येतं. जात वेगळी असेल."

बेबाबाई खाली बसली. भिंत दरवर्षी चुन्यानं रंगवलेली होती, पापुद्र्यावर पापुद्रे, आणि पावसानं त्यांचे पोपडे निघून झुडपाच्या बुडाशी पडले होते. माती उकरली तर आत पांढरे कण. असे कण तिनं जन्मभर बघितले होते. सावद्याच्या काळ्या रानात नांगराला लागतात, जीवराम त्यांना शिव्या देतो. चुनखडी.

पितांबर डॉक्टरांकडून आला तेव्हा त्याचा चेहरा हसरा होता. "छाती स्वच्छ आहे म्हणाले, अक्का!" त्यानं लांबूनच सांगितलं. बेबाबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. बोटांची माती कपाळाला लागली. मग तिनं त्याला जवळ बोलावून गुलाबी झुडूप दाखवलं, भिंत दाखवली, तळहातावरचे पांढरे कण दाखवले.

पितांबर बघत राहिला. "म्हणजे गुलाबी आपल्या जमिनीतल्या चुन्यानं केलं."

"मले तसं वाटते. पन वाटून काय व्हते?" ती उठली, लुगडं झटकलं आणि लताबाईंकडं वळली. "बाई, ह्या रांगेतलं एक निळं झाड मले द्या. उपटून नही, इथंच राहू द्या. आन् इथल्या बाजारात कळीचा चुना कुठी भेटंल?"